हेल्स गेट : नावाने नरकद्वार, अनुभवाने अभयारण्य

आफ्रिकेची सहल म्हटली की आपल्या कुटुंबांत दोनच नावे निघतात : केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी. उघड्या छताच्या मोटारीत उभे राहायचे, दिवसभर धूळ खात सिंह शोधायचा आणि तो सापडला की त्याच्याभोवती जमलेल्या पंधरा-वीस मोटारींच्या गर्दीत आपलीही मोटार घालायची, असा त्या सहलीचा ठरीव क्रम असतो. तिच्यात आनंद नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच केनियात एक लहानसे राष्ट्रीय उद्यान असे आहे की, जेथे माणसाने मोटारीतून उतरावे, पायी किंवा सायकलवर हिंडावे आणि झेब्रे, जिराफ, हरणे यांच्या कुरणातून त्यांच्यासारखेच जमिनीवर पाय ठेवून जावे, अशी मुभा आहे. त्याचे नाव हेल्स गेट, म्हणजे नरकाचे द्वार. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ते क्वचितच असते. असले तर नैवाशा सरोवराला जोडून अर्ध्या दिवसापुरते.

उद्यान किती लहान, याचा अंदाज आकड्यांवरून येईल. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८ चौरस किलोमीटर आहे. आपले बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे याच्या दीडपट. केनियातीलच त्साव्हो पूर्व उद्यान तर साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. त्या मोठ्या खातेदारांच्या रांगेत हेल्स गेट हे अगदी छोटे बचत खाते म्हणावे लागेल. परंतु छोट्या खात्यातील उलाढालही कधी कधी बारकाईने पाहण्यासारखी असते, हे बँकेत काढलेल्या वर्षांनी मला शिकविले आहे.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते. तेथील घड्याळ आपल्या अडीच तास मागे. २०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसाची पद्धत बंद करून संगणकावरून आधी प्रवास परवाना घेण्याची पद्धत सुरू केली आहे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र परत येताना आपल्याच विमानतळावर तपासले जाते. ते पारपत्रासोबतच ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर त्या देशात २०१७ पासून कडक बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. आपल्या घरातील स्टीलचे डबे आणि पाण्याची तांब्याची बाटली तेथे शोभून दिसतात.

नैरोबीत आमच्या पुतणीचे बिऱ्हाड आहे. त्यामुळे आम्हा उभयतांची राहण्या-जेवण्याची चिंता मिटली होती. तसेही नैरोबी आपल्या लोकांना परके वाटू नये. जामनगरकडील हालारी ओसवाल कुटुंबे विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे स्थायिक झालेली असून देरासर, शाळा, भोजनशाळा असा त्यांचा भरलेला संसार आहे. पुतणीच्या यजमानांनी सुट्टीच्या दिवशी पहाटे गाडी काढली आणि आम्ही वायव्येच्या रस्त्याला लागलो. अंतर सुमारे नव्वद किलोमीटरचे.

लिमुरूच्या परिसरातील चहाचे हिरवे मळे मागे पडतात आणि मग एका वळणावर जमीन एकाएकी संपल्यासारखी वाटते. ही ग्रेट रिफ्ट व्हॅली. पृथ्वीचे कवच ताणले जाऊन मधला पट्टा खाली खचला आणि दोन्ही बाजूंना उंच कडे उभे राहिले. त्या कड्यावरून खालच्या मैदानाकडे पाहताना आमच्या घाटमाथ्यावरून कोकणाकडे पाहिल्याची आठवण झाली. फरक एवढाच की समोर समुद्र नाही, तर लोंगोनोट नावाचा २,७७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आपले तुटके मुख आकाशाकडे करून बसला आहे. घाट उतरताना रस्त्याच्या कडेला एक चिमुकले प्रार्थनामंदिर लागते. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी हा रस्ता बांधला आणि १९४२ मध्ये आपल्या हाताने हे मंदिर उभारले. कैदेतही माणूस काही सुंदर करून ठेवतो, याचे नवल वाटते.

खाली उतरल्यावर नैवाशा गाव आणि त्याचे सरोवर. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटर उंचीवरील या सरोवरातून जमिनीवरून बाहेर वाहणारी एकही नदी नाही, तरी पाणी गोडे आहे. काठाने काचगृहांच्या रांगा दिसतात. येथील गुलाब विमानाने युरोपच्या बाजारात जातात. व्यापारी माणसाच्या नजरेला हे दृश्य लगेच समजते : उंचीमुळे थंड रात्री, विषुववृत्तामुळे वर्षभर सारखा प्रकाश, सरोवराचे पाणी आणि जवळ विमानतळ. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे टाकली गेली, तीही नैवाशावरूनच जाते. त्या कामावर हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते आणि त्यांच्या मागोमाग आपले दुकानदार आले. त्याच्या खुणा स्वाहिली भाषेत ऐकू येतात. दुकान म्हणजे ‘दुका’, गाडी म्हणजे ‘गारी’, विमा म्हणजे ‘बिमा’, लाख म्हणजे ‘लाकी’, हिशेब म्हणजे ‘हेसाबू’ आणि पैसा म्हणजे ‘पेसा’. यांतील कोणता शब्द अरबीतून आला आणि कोणता हिंदी-गुजरातीतून, हा भाषाभ्यासकांचा विषय. मला मात्र ही सारी आपल्याच खातेवहीची पाने वाटली.

सरोवराच्या दक्षिणेला उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार आहे. त्याचे नाव एल्सा गेट. जॉय अ‍ॅडमसन आणि त्यांचे पती यांनी वाढवून पुन्हा जंगलात सोडलेल्या एल्सा या सिंहिणीची कथा जगभर गाजली. जॉय अ‍ॅडमसन यांचे नैवाशाच्या काठावरील घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे. गंमत अशी की सिंहिणीच्या नावाच्या या दारातून आत गेल्यावर सिंह मात्र भेटत नाही. बिबळे आणि तरस थोडे आहेत, पण ते दिवसा सहसा दिसत नाहीत. मोठ्या शिकारी प्राण्यांचा असा वावर नाही म्हणूनच येथे पायी हिंडण्याची परवानगी आहे.

प्रवेशद्वाराजवळ सायकली भाड्याने मिळतात. तरुण मंडळींनी सायकली घेतल्या. आम्ही दोघांनी पायांवर भरवसा ठेवला आणि सोबत एक स्थानिक मार्गदर्शक घेतला. विशीतला, मृदुभाषी तरुण. तो मला ‘म्झे’ म्हणून हाक मारी. वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने म्हणावयाचा हा स्वाहिली शब्द आहे. आपल्याकडे ‘काका’ म्हणतात तसाच त्याचा सूर होता.

दाराशेजारीच पंचवीस मीटर उंचीचा एक एकाकी सुळका उभा आहे. जुन्या ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा गोठला, भोवतीची मऊ माती झिजून गेली आणि आतला कठीण दगड तेवढा उरला. १८८३ मध्ये या भागात आलेल्या गुस्ताव फिशर या जर्मन प्रवाशाच्या नावाने तो ओळखला जातो. मसाई लोकांची कथा निराळी आहे. लग्न करून सासरी निघालेल्या मुलीने मागे वळून पाहावयाचे नाही, असा त्यांचा संकेत. एकीला राहवले नाही. तिने माहेराकडे वळून पाहिले आणि तिचा दगड झाला. ही कथा ऐकून सौभाग्यवती क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग आमच्यापैकी एकही बाई शिल्लक राहिली नसती!” सुळक्याच्या कपारीत सशाएवढे, बिनशेपटीचे हायरॅक्स नावाचे प्राणी ऊन खात बसलेले असतात. दिसायला घुशीसारखे, परंतु प्राणिशास्त्र सांगते की त्यांचे जवळचे नातलग हत्ती होत. नात्यागोत्याचा हिशेब वरवर पाहून करू नये, हेच खरे.

पुढे वाट रुंद कुरणात शिरते. दोन्ही बाजूंना तांबूस कडे आणि मध्ये गवत. तेथे जे अनुभवले ते मोटारीत बसून कधीच मिळाले नसते. झेब्र्यांचा एक कळप पन्नास-साठ पावलांवर चरत होता. आम्ही थांबलो की ते मान वर करीत, आम्ही चालू लागलो की पुन्हा चरू लागत. कोंगोनी जातीची लांब तोंडाची हरणे, काळ्या पट्ट्याची थॉमसन हरणे, गाईच्या आकाराचे ईलँड, शेपटी उभारून पळणारी वॉर्टहॉग डुकरे आणि बाभळींच्या शेंड्यांवरून पाहणारे जिराफ. मोटारीत आपण प्रेक्षक असतो. पायी चालताना आपण त्यांच्यातलेच एक होतो आणि मग आपला आवाज, आपली चाल, कपड्यांचा भडक रंग यांचे भान आपोआप येते. मार्गदर्शकाने एकच ताकीद दिली होती. “म्झे, रानम्हशी दिसल्या तर जवळ जायचे नाही. त्या शिकारी नाहीत, पण रागीट आहेत.” लांबवर काळे ठिपके दिसताच त्याने आम्हाला वळसा घालून नेले.

ईर्यासमिती, म्हणजे पाहून पाऊल टाकणे, हे आपण ग्रंथांत वाचतो आणि साधूंच्या विहारात पाहतो. गवतातील किडा-मुंगी, वाटेवरचे शेणकिडे आणि पलीकडे चरणारा कळप या सर्वांना जपत दोन-तीन तास चालल्यावर त्या शब्दाचा अर्थ थोडा अधिक उमजला, एवढे नमूद करतो.

दारापासून सात-आठ किलोमीटरवर कडे जवळ येत जातात आणि ओल नजोरोवा नावाची अरुंद घळ सुरू होते. फार प्राचीन काळी नैवाशाचे सरोवर आजच्याहून पुष्कळ मोठे होते आणि त्याचे पाणी दक्षिणेकडे याच वाटेने बाहेर पडे. त्या पाण्याने खडक कापून ही घळ केली. कड्यांमधील अशा चिंचोळ्या वाटेवरूनच गोऱ्या प्रवाशांनी या जागेला नरकाचे द्वार असे नाव दिले. खडकांत काळ्या काचेसारखा चमकणारा ऑब्सिडियन दगड दिसतो. अश्मयुगातील माणसे या परिसरातील ऑब्सिडियनची हत्यारे करीत. घळीच्या भिंतींतून कोठे कोठे कढत पाणी झिरपते. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा गंधकाचा वास ओळखीचा वाटेल. मात्र घळ जेवढी सुंदर तेवढीच घातक. दूर डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत येथे लोंढा होऊन येते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये अशा लोंढ्यांत प्रत्येकी सात माणसे दगावली. आम्ही गेलो तेव्हा घळीत उतरण्यास मनाई होती आणि आम्ही वरूनच तिचे दर्शन घेतले. कोणी “मी सांभाळून नेतो” म्हणाले तरी वनरक्षकांच्या शब्दापलीकडे जाऊ नये.

घळीच्या पश्चिमेला आकाशात पांढरे लोट चढताना दिसतात. ही ओल्कारियाची वीजकेंद्रे. जमिनीत खोलवर छिद्रे पाडून पृथ्वीच्या पोटातील वाफ वर आणतात आणि तिच्यावर जनित्रे फिरवितात. १९८१ मध्ये येथे पहिले यंत्र सुरू झाले आणि १९८५ पर्यंत क्षमता ४५ मेगावॅट झाली. आज केनियाची भूऔष्णिक वीजनिर्मितीची क्षमता ९०० मेगावॅटहून अधिक असून तिचा मोठा भाग ओल्कारियातच आहे. आपल्या कोयना प्रकल्पाच्या सुमारे १,९६० मेगावॅटशी तुलना केली तर ती निम्म्याच्या आसपास भरते. परंतु त्या देशाच्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज अशा वाफेतून येते. कोळसा नाही, धूर नाही, पावसाची वाट पाहणे नाही.

मोठमोठे नळ उद्यानातून जातात. प्राण्यांच्या वाटा जेथे आहेत तेथे हे नळ कमानीसारखे उंच उचलले आहेत, जिराफालाही खालून जाता यावे म्हणून. हे पाहून समाधान वाटले. पण जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिलीच पाहिजे. उद्यानाची घोषणा १९८४ ची, वीज त्याच्या तीन वर्षे आधीची. म्हणजे या भूमीवर विजेचा बोजा आधीच चढलेला होता आणि तो वाढत गेला. २०१४ मध्ये चौथ्या केंद्रासाठी सुमारे दीडशे मसाई कुटुंबांना हलविले. त्यांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली, मंडळाने पुनर्वसनातील त्रुटी नोंदविल्या आणि पुढे मध्यस्थीने समझोता झाला. कर्जमंजुरीच्या कागदावर पुनर्वसनाची अट लिहिणे सोपे असते. ती गुरे राखणाऱ्या माणसाच्या अंगणापर्यंत पोहोचली की नाही हे पाहणे अवघड, याचा अनुभव कर्ज विभागात काम केलेल्या प्रत्येकाला असतो.

परतताना दुपार कलली होती. मार्गदर्शकाने समोरच्या कड्याकडे बोट दाखविले. खडकावर चुन्याचे ओघळ यावेत तसे पांढरे पट्टे होते. ती गिधाडांची वसाहत. रुपेल या नावाने ओळखले जाणारे हे गिधाड कड्याच्या कपारीत घरटे करते आणि एका विणीत एकच अंडे घालते. त्याची भरारी विलक्षण. १९७३ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टवर सुमारे ३७,००० फूट उंचीवर एका विमानाची जी पक्ष्याशी टक्कर झाली, तो पक्षी रुपेल गिधाड होता. इतक्या उंचीवर दुसरा कोणताही पक्षी उडाल्याची नोंद नाही.

“पूर्वी किती होती?” मी विचारले. तो म्हणाला, “माझे आजोबा सांगतात, सकाळी ऊन चढले की आकाश काळे व्हायचे. आता मीच पाहुण्यांना बोटांवर मोजून दाखवितो.” २०१५ पासून हे गिधाड अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. कारणांत विजेच्या तारा आहेत. मोठ्या पंखांचा पक्षी त्यांवर आदळतो. परंतु मुख्य कारण विष. सिंहाने किंवा तरसाने गाय मारली की संतापलेला गुराखी मेलेल्या गाईच्या अंगावर कीटकनाशक टाकतो. शिकारी प्राणी येवो न येवो, गिधाडे येतात आणि एका सापळ्याभोवती डझनावारी मरून पडतात. त्यांना मारण्याची कोणाची इच्छाही नसते.

तेथे उभा असताना मला आपल्या देशाचे स्मरण झाले, आणि तेच या लेखाचे खरे प्रयोजन आहे. भारतातील गिधाडे विषाने नव्हे, औषधाने गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून कारण उघड झाले : गुरांना वेदनाशमनासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ मध्ये भारत सरकारने पशूंसाठी त्याच्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक, तर त्यानंतर निमेसुलाइड ही औषधेही पशुवापरासाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनामिक अ‍ॅसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधे उपलब्ध आहेत. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडण्याचे काम चालू आहे.

आपल्या समाजाशी याचा संबंध सरळ आहे. म्हातारी, लंगडी, आजारी गुरे सर्वांत अधिक कोठे असतात? आपण चालवीत असलेल्या पांजरापोळांत. त्या गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून औषधे सर्वांत अधिक कोठे लागतात? तेथेच. करुणेने टोचलेली सुई चुकीच्या औषधाची असेल तर जनावराच्या मृत्यूनंतर ती दुसऱ्या जीवावर उलटते. आणि हा दुसरा जीव कोणता? ज्याला आपण अमंगळ मानतो, पण जो सहसा कोणाचीही हत्या करीत नाही. मेलेल्यावरच जगतो आणि गावे रोगराईपासून राखतो.

म्हणून विश्वस्त मंडळावर असलेल्या किंवा दरवर्षी जीवदयेला देणगी देणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी पांजरापोळात गेलात तर ताळेबंदाबरोबर औषधांचे कपाटही पाहा. पशुवैद्यांना विचारा की वेदनेसाठी कोणते औषध वापरता, आणि त्यांच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅमच्या खरेदीसाठी खर्चाचे वेगळे शीर्ष उघडा. माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची इंजेक्शने गुरांना देणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही सेवकांना सांगून ठेवा. ओल्कारियाचे नळ ज्यांनी जिराफासाठी उंच केले त्यांनी थोडा अधिक खर्च सोसलाच असेल. आपला खर्च त्याहून कितीतरी कमी आहे.

जाता जाता सोयीचे दोन शब्द. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते सप्टेंबर हे कोरडे महिने जाण्यास उत्तम. मक्याची उकड, म्हणजे उगाली, आणि सुकुमा नावाची पालेभाजी सर्वत्र मिळते. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी मात्र डबा सोबत घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांची तर तेथे चंगळ आहे. नैवाशा विषुववृत्ताला इतके जवळ आहे की बाराही महिने सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. पंचांग पाहावे लागत नाही.